पद्माताईंचं नाक

ज्या देशात वाइनची बाटली औषधालाही मिळत नाही, तिथं वाइनचा जाणकार होणं फार सोपं असतं. मी कुवेतला आलो आणि वर्षभरात झालो. भांडवल म्हणाल तर पुण्यात केलेला दोन दिवसांचा एक कोर्स, विमानात मिळणाऱ्या इवल्याशा बाटल्या आणि बऱ्यापैकी खर्जातला आवाज. बँकेत मी हिशेब तपासतो. तिथं माझी चूक दुपारच्या आत पकडली जाते. वाइनबद्दल मी काय बोललो ते तपासायला आमच्या फरवानिया भागातल्या मराठी मंडळींकडे काही साधनच नव्हतं. त्यामुळे दिवाळीचा फराळ असो की कोणाच्या मुलीचा वाढदिवस, जेवणं झाली की कोणीतरी म्हणायचं, "दामले, ते थंड प्रदेशातल्या द्राक्षांचं सांगा ना." आणि मी सांगायचो.

पद्माताई पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्याच घरी, अशाच एका फराळाला. त्यांचे यजमान श्रीकांतराव अहमदीला तेल कंपनीत इंजिनियर. दोघं नुकतीच इकडे आली होती. पन्नाशीला टेकलेल्या, रापलेल्या चेहऱ्याच्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या बाई. कोपऱ्यात बसून चकलीचा प्रत्येक तुकडा आधी नाकाशी नेत होत्या, मग तोंडात टाकत होत्या. मेघानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पाहुण्यांसाठी सुपरमार्केटमधून द्राक्षाचा फसफसता रस आणला होता. मी तो उंच पायाच्या ग्लासात ओतला, ग्लास गोल फिरवला, डोळे मिटले आणि सुरू झालो. "आता बघा, यात द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा आहे. मागून ओल्या दगडाचा वास येतो. हा थंड उतारावरचा माल."

सगळे माना डोलवत होते. पद्माताईंनी आपला ग्लास हुंगला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "दामलेभाऊ, हे सफरचंद आहे."

स्वयंपाकघरात जाऊन बाटली पाहिली. सफरचंदच होतं. द्राक्षाच्या बाटल्या संपल्या म्हणून मेघानं दुसरी फोडली होती आणि मला सांगायची गरज तिला वाटली नव्हती. परत आलो तेव्हा माझा चेहरा पाहून पद्माताई म्हणाल्या, "चालू द्या. बरं बोलता तुम्ही. ओला दगड तर मला आवडला."

त्या निघाल्यावर श्रीकांतरावांनी दाराशी सांगितलं, की पद्माताईंनी आधी नाशिककडे आणि मग न्यूझीलंडच्या पार दक्षिणेकडच्या एका थंडगार खोऱ्यात वाइन करण्यात निम्मं आयुष्य घालवलं आहे. त्या रात्री मला फराळ पचला नाही.

पद्माताई मूळच्या दिंडोरीकडच्या. वडिलांची द्राक्षबाग, त्यामुळे काडी, डोळा म्हणजे कोंब, घड, मणी म्हणजे द्राक्षाचा दाणा, हे शब्द त्या पाळण्यात शिकल्या असाव्यात. पुढे शिकून वाइन करणाऱ्या झाल्या आणि थंड खोऱ्यात जाऊन पहिल्या हिवाळ्यात आजारी पडल्या. "आमच्याकडं वेल झोपतच नाही हो," त्या सांगायच्या. "वर्षातून दोनदा छाटायचा, हाणून-मारून उठवायचा. तिकडं पानं गळून वेल असा गाढ झोपतो, की मेला असं वाटतं. मी मालकाला म्हटलं, तुमची बाग वाळली. तो अर्धा तास हसत होता." थंडीत मणी हळूहळू भरतो, आंबटपणा टिकतो आणि त्यातच वास धरतो, हे त्या इतक्या साधेपणानं सांगायच्या, की इतकी वर्षं मी तेच अवघड करून का सांगत होतो, असा प्रश्न पडायचा.

कशालाही त्यांचं एकच म्हणणं असे: "अजून मणी भरायचाय." भात कच्चा राहिला, मणी भरायचाय. माझं बँकेतलं प्रमोशन लांबलं, मणी भरायचाय. पर्समध्ये छाटणीची छोटी कात्री असायची. बोलता बोलता हात यजमानांच्या कुंड्यांकडे जायचा आणि निरोप घेईपर्यंत निम्मं मनीप्लांट कचऱ्यात गेलेलं असायचं. आणि वास. नवं पुस्तक, आंघोळ घातलेलं बाळ, गाडीची सीट, भाजीवाल्याची कोथिंबीर, सगळं त्या हुंगून पाहायच्या. अहमदीत वारा फिरला की तेलाचा उग्र दर्प येतो. आम्ही नाकाला रुमाल लावायचो. पद्माताई म्हणायच्या, "रिझलिंग नावाची एक पांढरी वाइन असते. ती जुनी झाली की तिला रॉकेलचा वास येतो आणि शहाणी माणसं तिला वा वा करतात. मला अहमदीत घरच्यासारखंच वाटतं."

स्वतःची थट्टा करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. "बायका नवऱ्यामागं नोकरी सोडून येतात," त्या म्हणायच्या. "मी तर अशा गावी आले, जिथं माझा धंदाच गुन्हा आहे. व्हिसाच्या कागदावर काय लिहायचं म्हणून यांनी गृहिणी लिहिलं. माझा स्वयंपाक खाल्लेल्या माणसाला तोही गुन्हाच वाटेल."

त्या इथं घरी काही 'करत' असतील, अशी कुजबुज मात्र आमच्यात होती. एका साहेबांनी आडून आडून, हवापाण्याच्या गप्पांतून, विषय काढलाही. पद्माताईंनी शांतपणे वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली त्यांच्या हातात ठेवली. साहेब ती सीटखाली ठेवून अहमदीहून निघाले. फरवानियाच्या अलीकडे पोलिसांची तपासणी लागली. पोलिसानं बताका, म्हणजे ओळखपत्र मागितलं. साहेबांना आपलं नाव आठवेना. घाम पाहून पोलिसानं सीटखाली हात घातला, बाटली काढली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "असीर!" म्हणजे सरबत. मग साहेबांना प्यायला पाणी दिलं आणि डॉक्टरला दाखवा म्हणाला.

ते साहेब मीच. बाटलीत उकळून गाळलेला काळ्या द्राक्षांचा रस होता. दुसऱ्या दिवशी पद्माताईंचा फोन आला. "ज्या घरात राहतो, त्या घरचा नियम पाळायचा, भाऊ. रस आवडला का?" मी म्हटलं, पोलिसाला आवडला.

शहरातल्या बनेद अल-गार भागातली गोष्टही माझ्या डोळ्यांदेखतच झाली. जानेवारीचे दिवस होते. मी पद्माताईंना एका दवाखान्यातून घरी सोडत होतो. एका जुन्या घराच्या भिंतीवरून द्राक्षाचा वेल रस्त्याकडे लोंबत होता, वाळक्या काड्यांचा नुसता गुंता. "थांबवा गाडी," त्या ओरडल्या. मी थांबवली. त्या उतरल्या आणि सरळ दारावर थाप मारून आत गेल्या. ओळख ना पाळख, परक्या माणसाचं घर! मी गाडीत बसून फोनमध्ये वकिलाचा नंबर शोधत होतो.

घर उम्म युसूफ नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं होतं. पूर्वी शाळेत शिकवायच्या. इंग्रजी बोलायच्या आणि आमच्याशी अधूनमधून हिंदीही. पद्माताईंनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या शुक्रवारी आम्ही छाटणीला हजर होतो. उम्म युसूफ आत कॉफी करायला गेल्या आणि बाहेर येईपर्यंत पद्माताईंनी वेलाचं खोड आणि चार बोटभर काड्या एवढंच शिल्लक ठेवलं होतं. म्हाताऱ्या बाईंनी ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहून किंचाळल्या, "मार डाला!" मी काही केलं नव्हतं. मी तर शिडी धरली होती.

मार्चमध्ये वेलाला असे डोळे फुटले, की भिंत दिसेनाशी झाली. उम्म युसूफचा आनंद गगनात मावेना, आणि त्यांनी टोपली घेऊन सगळी पानं तोडायला घेतली. आता किंचाळायची पाळी पद्माताईंची होती. "अहो, घडांवर ऊन येईल! भाजतील ना ते!"

"घड?" उम्म युसूफ म्हणाल्या. "द्राक्षं बाजारात मिळतात. वेल पानांसाठी असतो."

त्यांना हवं होतं वरक-इनब, पानात भात गुंडाळून शिजवलेला पदार्थ. जन्मभर द्राक्षात काढलेल्या पद्माताई खाली बसून हसत राहिल्या. "इतकी वर्षं मी पानं तोडून गुरांना घातली," त्या म्हणाल्या. शेवटी तह झाला. शेंड्याची कोवळी पानं उम्म युसूफची, घडांवर सावली धरणारी जून पानं पद्माताईंची. मध्यस्थ म्हणून मला दोन्हीकडून शिव्या आणि एक डबा वरक-इनब मिळालं. छाटलेल्या काड्यांतल्या काही पद्माताईंनी अहमदीच्या बंगल्यामागे लावल्या. त्यातली एक जगली. श्रीकांतरावांनी तिच्यासाठी कंपनीच्या भंगारातल्या पाइपांचा मांडव केला.

मग तो ताप आला, जो त्या काळात घरोघरी येऊन गेला. पद्माताई आठ-दहा दिवस अंथरुणाला होत्या, मग हिंडू-फिरू लागल्या. बरेच महिने गेले. आम्ही एकदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी स्वतः चहा केला. मी घोट घेतला. चहा नासलेला होता, चक्क. पण मला बोलायची सवय.

"कसा झालाय, भाऊ?"

"वा. आलं काय सुरेख उतरलंय!"

पद्माताई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तेवढ्यात श्रीकांतराव आले, कप तोंडाला लावला आणि म्हणाले, "पद्मा, दूध खराब झालंय गं."

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मला कशाचाच वास येत नाही. तापापासून. म्हणून तर यांना विचारलं."

मेघानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. पद्माताईंनी कप गोळा केले, बेसिनमध्ये ओतले आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गवयाचा गळा गेला तर निदान लोकांना कळतं तरी. मला कोणाला सांगायची लाज वाटते. नाक गेलं म्हटलं की लोक हसतात." मग वळून म्हणाल्या, "दामलेभाऊ, तुमचं नाक चालतं ना? मग ते मला शुक्रवारी शुक्रवारी उसनं द्या. पण एका अटीवर. जे येईल तेच सांगायचं. काही आलं नाही तर काही नाही म्हणायचं. ओला दगड नको."

आयुष्यात इतकी अवघड नोकरी मी केली नाही. डॉक्टरांनी त्यांना रोज लिंबू, लवंग, गुलाबपाणी आणि निलगिरीचं तेल हुंगायला सांगितलं होतं. शुक्रवारी मी समोर बसायचो. आधी मी हुंगायचं आणि सांगायचं, मग त्यांनी डोळे मिटून तो वास आठवायचा. "लवंग," मी म्हणायचो. "ते मलाही दिसतंय. कशी आहे?" "तिखट." "आणखी?" "दाताच्या डॉक्टरकडच्यासारखी." "हं. हे खरं बोललात." कित्येकदा मी अडायचो. इतकी वर्षं वासांवर बोलून मला धड चार वास सांगता येत नव्हते. त्यांना तर काहीच येत नव्हतं. मधे काही दिवस आलं ते भलतंच. गुलाबपाण्याला जळक्या रबराचा वास, कांद्याला रॉकेलचा. "रिझलिंग," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मांडवावरच्या वेलाला पहिल्यांदा घड लागले, त्याच जूनमध्ये न्यूझीलंडहून फोन आला. खोऱ्यातल्या जुन्या मालकाला पुढच्या हंगामासाठी वाइन करणारं माणूस हवं होतं. हिवाळ्यातच, म्हणजे तिकडच्या जुलैतच या, छाटणीपासून बाग ताब्यात घ्या, म्हणाला. हा फोन यावा म्हणून पद्माताई इथं आल्यापासून वाट पाहत होत्या. आणि नाकाचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

"सांगू नका," मी सल्ला दिला. "तिथं गेल्यावर बघता येईल. कोणाला कळतंय?"

"तुम्हाला कळणार नाही," त्या म्हणाल्या. रागानं नव्हे. "रस आंबताना कधीकधी सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो लगेच ओळखला तर इलाज आहे. मला तो आला नाही तर सगळ्या बागेची वर्षाची मेहनत गटारात जाईल. आणि मी पिंपापाशी उभी राहून छान छान म्हणत असेन."

माझ्याकडे पाहून त्यांनी हे वाक्य म्हटलं नाही, हे त्यांचं औदार्य.

तरी त्या दोन आठवडे गप्प होत्या. मालकाला ना हो, ना नाही. मग एका शुक्रवारी मी गेलो तेव्हा धुळीचं वादळ नुकतंच थांबलं होतं. मांडवावरचे घड बहुतेक जागच्या जागी वाळून मनुका झाले होते. एकाच घडाला त्यांनी कापडी पिशवी बांधली होती. तो वाचला होता. त्यांनी तो कापला, धुतला, एक मणी खाल्ला, बराच वेळ तोंडात घोळवला. मग बशी माझ्यापुढे सरकवली. श्रीकांतराव दारात उभे होते. पहिलंवहिलं फळ, वाळवंटातलं, पद्माताईंच्या हातचं. मला माहीत होतं काय म्हणायला हवं. पन्नास शब्द जिभेवर तयार होते.

मी एक मणी खाल्ला. दुसरा खाल्ला. हुंगून पाहिलं.

"गोड आहे," मी म्हटलं. "बाकी काही नाही. वास नाहीच. साखरेचं पाणी."

"नक्की?"

"नक्की. वाईट वाटून घेऊ नका, पण बेचव आहेत."

पद्माताईंनी डोळे मिटले. "मलाही तेच लागलं," त्या म्हणाल्या. "गोड, आणि मागं काही नाही. मला वाटलं माझ्यातच नाही. पण द्राक्षातच नाही." मग त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की श्रीकांतरावही हसायला लागले. "इतक्या उन्हात पिकलं तर वास कुठून येणार? जिभेनं मला बरोबर सांगितलं. जीभ शाबूत आहे!"

"तुम्ही खरं बोललात, आता माझी पाळी," म्हणून त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. स्पीकर चालूच राहिला. आमच्यासमोर, आडपडदा न ठेवता, त्यांनी मालकाला सगळं सांगितलं: नाक गेलंय, परत येईल की नाही माहीत नाही, वाइनची जबाबदारी घेऊ शकत नाही. मग तो म्हणाला, की वाइनसाठी तो दुसरं माणूस शोधेल. पण छाटायला नाक कशाला लागतं? बाग सांभाळायला या.

पद्माताईंनी फोन ठेवला. वाइन हातची गेली होती. त्या थोडा वेळ मांडवाकडे पाहत बसल्या. श्रीकांतराव फक्त एवढंच म्हणाले, "तुझा स्वेटर कुठे ठेवलाय, ते मला माहीत आहे."

त्या गेल्यानंतरचं सगळं मला फोनवरून कळतं. तिकडे पोहोचल्यावर काही आठवड्यांनी, एका कडक थंडीच्या सकाळी, बागेत छाटलेल्या काड्या जाळताना त्यांनी मला फोन केला आणि नुसत्या ओरडल्या, "धूर, भाऊ! खरा धूर!" आता निम्मंअर्धं नाक परत आलं आहे. बाग त्यांच्याकडे आहे. वाइनच्या पिंपापाशी मात्र त्या अजून एकट्या उभ्या राहत नाहीत, शेजारी दुसरं धड नाक ठेवतात. श्रीकांतराव रजा जमवून जमवून जाऊन येतात. उम्म युसूफना मी कधीमधी भेटतो. त्या अजून मला वेल मारणारा माणूस समजतात. फराळाला आता मला कोणी बोलायला सांगत नाही, कारण मी ग्लास हुंगतो आणि "सफरचंद" म्हणून खाली बसतो.

पद्माताईंना मी प्रत्यक्ष शेवटचं पाहिलं ते विमानतळावर, जुलैच्या भर दुपारी. श्रीकांतरावांना ड्यूटी सोडता आली नाही, म्हणून पोहोचवायला मी होतो. बॅगेचं वजन जास्त झालं होतं, म्हणून पद्माताईंनी पिसं भरलेला गुडघ्यापर्यंतचा कोट अंगावरच चढवला होता. बाहेर तव्यासारखं ऊन, आणि साडीवर बर्फातला कोट घातलेली ही बाई शांतपणे ट्रॉली ढकलत चालली होती. लोक वळून वळून पाहत होते. एका लहान मुलीनं आईचा हात ओढून बोट दाखवलं. पद्माताईंनी तिला कोटाची टोपीही घालून दाखवली.

आतल्या दाराजवळ एक माणूस सुरईतून वेलदोड्याची कॉफी ओतत होता. त्या थांबल्या. त्यानं दिलेला इवलासा कप त्यांनी नाकाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी काचेच्या अलीकडे होतो. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते, पोलीस मला गाडी हलवायला सांगत होता. त्यांना वास आला की नाही, ते पाठमोऱ्या कोटावरून कळेना. कॉफीवाला काहीतरी म्हणाला. पद्माताईंनी मान हलवली, कप एका घोटात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. त्यानं हसून परत भरला. मग एका हातात कप आणि दुसऱ्या हाताने ट्रॉली ढकलत, कोटाच्या बाह्या सावरत, त्या आत गेल्या.